गिलाव्याची मनगटं

आज परसातल्या भिंतीच्या डाव्या अर्ध्या भागाला गिलाव्याचा पहिला कोट लागला. आमच्या हिचं मत वेगळं आहे: "अहो, भिंतीवर बसला त्याहून जास्त माल खाली पडलाय." पडला, पण खाली फळी टाकलेली होती. मातीत न मिसळता तो लगेच परत घमेल्यात गेला. सिमेंटची पोती काय भावाने मिळायलीत!

अंबाजोगाईत बालाघाटाच्या उतारावर घर म्हटलं की परसाला दोन पायऱ्या आल्याच. वरची माती खाली येऊ नये म्हणून ही तीन फुटी विटांची भिंत, आणि वर कढीपत्ता, शेवगा, जास्वंद. आधीच्या मालकाने झाडांसाठी भिंतीमागे ट्रॉलीने काळी माती ओतलेली. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढी भेगाळते. म्हणजे दरवर्षी भिंतीला एकदा रेटा, एकदा ढील. शिवाय मागचं पाणी विटांत मुरून लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागलेला. नखाने खरवडलं तरी विटेचा भुगा हातात यायचा.

म्हणून थापी हातात घ्यायच्या आधी भिंतीमागची फूटभर माती उकरली, तिथे खडी आणि मुरूम भरला. भिंतीत खालच्या अंगाला, चार-चार फुटांवर, दोन इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे बसवले, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. मागचं पाणी तिथून निघून जाईल. ही वाट न ठेवता समोरून सिमेंटने गच्च बंद केलेल्या भिंती आमच्या कॉलनीतच कितीतरी आहेत. दोन पावसाळ्यांत त्यांचे पोपडे निघतात आणि नावं मात्र गवंड्याला ठेवतात. गिलाव्याने भिंतीला ताकद येत नाही. या भागात ते वेगळं सांगायची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी आणि आसपासच्या गावांत जी घरं बसली, त्यांच्या दगडमातीच्या भिंती चांगल्या हातभर जाड होत्या, तरी टिकल्या नाहीत.

सकाळी सांधे खरवडले, भुसभुशीत विटा काढून नव्या बसवल्या, तारेच्या ब्रशने लोणा झाडला. पाइपांच्या तोंडात कागदाचे बोळे कोंबले, नाहीतर सगळी वाट मालाने बुजायची. मग भिंतीला पाणी. ते नीट मुरू द्यायचं; कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि वरून भिजून चमकत असेल तर माल घसरतो.

माल एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू), चाळून. एका वेळी एकच घमेलं. साध्या सिमेंटला ३० मिनिटांच्या आत पकड येऊ नये असं प्रमाणक सांगतं, पण ती प्रयोगशाळेतली गोष्ट. नवशिक्याने मराठवाड्याच्या उन्हात त्या हिशोबावर जाऊ नये. माल आळला की पाणी घालून पुन्हा सैल करायचा नाही, टाकून द्यायचा.

दुपारी गल्लीतले मिस्त्री मामा जाता जाता थांबले. "काय करायलेत सर? मला सांगायचं की!" मग गेटला टेकून बराच वेळ बघत राहिले. मी थापीने माल भिंतीला लिंपत होतो. शेवटी त्यांना राहवलं नाही. "दाबू नका. मनगट ढिलं सोडा अन् झटका द्या." त्यांनी थापी घेतली, चपातीएवढा गोळा उचलला आणि हात खांद्यापासून न हलवता भिंतीवर मारला. 'थप्' असा बसका आवाज. तो आवाज आला की माल बसला. माझा बराच वेळ 'चळ्ळ' असाच येत होता. संध्याकाळकडे मधूनमधून 'थप्' यायला लागलं, आणि त्या एका आवाजासाठी उद्या पुन्हा भिंतीपुढे उभं राहावंसं वाटतंय.

जाडी बारा मिलिमीटरच्या आसपास. कडेला मालाचे ठिपके लावले, त्यांच्या आधाराने पट्टी फिरवली, ओळंबा धरून पाहिला. ओल्या थरावर खिळ्याने तिरके ओरखडे काढलेत, म्हणजे दुसरा कोट धरेल. वरून कोरडं सिमेंट भुरभुरून गुळगुळीत करायची पद्धत सगळीकडे आहे. मी ते करणार नाही. चकाकतं खरं, पण केसासारख्या भेगा पडतात. गिलावा घासायच्या लाकडी रंध्याचा खरखरीतपणा बागेच्या भिंतीला शोभतो. पाणी भिंतीच्या डोक्यातूनही शिरतं, म्हणून तिथे कोपिंगला, म्हणजे माथ्यावरच्या थराला, पुढे उतार द्यायचाय.

आता प्रश्न पाणी मारण्याचा. निदान सात दिवस भिंत ओली राहायला हवी. नळी सोडून द्यायला मन होत नाही. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, ते दिवस इथे कुणीच विसरलेलं नाही. म्हणून गोणपाटं टांगायची, त्यांवर कपडे विसळलेलं शेवटचं पाणी. साबण नसलेलं, हे हिला दोनदा सांगितलंय.

रंगाची घाई नाही. ऑइलपेंट तर नकोच, आतली ओल त्याच्यामागे कोंडते. चुना देऊ. धाकट्याला निळी भिंत हवीय, तर चुन्यात नीळ टाकू.