हँडबॉलचा गोलकीपर आणि सेलचे आफ्रिकन

मँचेस्टरला येईपर्यंत रग्बी म्हणजे माझ्यासाठी मुंबईत फॅशन स्ट्रीटला शर्ट घ्यायला गेलं की समोर जिमखान्यात पावसात लोळणारी चिखलाने माखलेली पोरं, बस. नियम माहीत नाहीत, बॉल पुढे फेकता येत नाही एवढं कुठेतरी ऐकलेलं.

2019 च्या हिवाळ्यात ऑफिसातला एकजण सेल शार्क्स ह्या रग्बी क्लबच्या मॅचला ओढून घेऊन गेला. सेल हे उपनगर मँचेस्टरच्या दक्षिणेला आणि ग्राउंड मात्र सॅल्फर्डला, म्हणजे टीम डोंबिवलीची आणि मॅच भिवंडीत असला प्रकार. थंडी अशी की चहाचा कप प्यायला कमी आणि हात शेकायलाच जास्त. आणि मैदानात साउथ आफ्रिकेचा फाफ डी क्लर्क. उंची जेमतेम 172 सेंटीमीटर, खांद्यापर्यंत पिवळेधमक केस, आजूबाजूला सगळे बैल. रकच्या, म्हणजे जमिनीवरच्या बॉलवर दोन्ही टीम रेटारेटी करतात त्या घोळक्याच्या, मागे आला की बॉल पायाने हळूच मागे सरकवायचा, रेफ्री 'यूज इट' ओरडायचा, मग बॉल खेळायला पाच सेकंद, आणि हा पठ्ठ्या चौथ्या सेकंदापर्यंत नुसता इकडेतिकडे बघतोय, मग एक पाऊल मागे आणि बॉल सरळ वर आभाळात. प्रत्येक वेळी हेच. मला वाटलं बोअर होईल, पण त्या पाच सेकंदांत अख्खं स्टँड चिडीचूप व्हायचं.

गंमत म्हणजे थोड्याच दिवसांपूर्वी, 2 नोव्हेंबरला, ह्याच फाफच्या टीमने योकोहामात वर्ल्ड कप फायनलला इंग्लंडला 32-12 धुतलेलं, आणि इथं इंग्लिश पब्लिक त्याच्यासाठी घसा फोडतंय! त्या फायनलला साउथ आफ्रिकेचा प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड गडी, व्हिन्सेंट कॉख होता, तो एरवी सॅरासेन्स ह्या इंग्लिश क्लबकडून खेळायचा, आणि समोर इंग्लंडच्या जर्सीत त्याचेच सॅरासेन्सचे दोस्त, फॅरेल, इटोजे वगैरे. सोमवारी ऑफिसात काय बोलत असतील एकमेकांशी देव जाणे.

सेलकडे तेव्हा डु प्रीझ नावाचे तीन सख्खे भाऊ पण होते, त्यातले दोन जुळे. मी विचारलं अरे परदेशी खेळाडूंना लिमिट नाही का, मॅचच्या 23 जणांत दोनच चालतात ना? तर मित्र म्हणाला, कागदावर हे परदेशी नाहीतच, कोल्पॅक आहेत.

कोल्पॅक! हा शब्द मला काउंटी क्रिकेटमुळे माहीत. 2017 च्या सुरुवातीला काइल अॅबट आणि रायली रूसो साउथ आफ्रिका सोडून कोल्पॅक म्हणून हॅम्पशायरला गेले तेव्हा आम्ही व्हॉट्सअॅपवर त्यांना काय काय शिव्या घातलेल्या. पण हा कोल्पॅक कोण हे कधी बघितलंच नव्हतं. तर तो मारोश कोल्पॅक, स्लोव्हाकियाचा हँडबॉल गोलकीपर, जर्मनीत एका छोट्या क्लबकडून खेळायचा. त्याच्या लायसन्सवर परदेशी म्हणून 'ए' अक्षर मारलेलं आणि असे 'ए'वाले मॅचमध्ये दोनच चालायचे. तो कोर्टात गेला. माझ्या देशाचा युरोपियन युनियनशी करार आहे, मी इथं कायदेशीर नोकरी करतो, मग मला वेगळं का मोजता? मे 2003 मध्ये युरोपच्या कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी स्लोव्हाकिया युनियनमध्ये गेला, म्हणजे त्याचा स्वतःचा प्रश्न तसाही सुटलाच असता, पण साउथ आफ्रिका, फिजी, सामोआ, टोंगा ह्यांचेही तसले करार होते आणि दार उघडलं ते त्यांच्यासाठी. भारत त्या यादीत नाही, त्यामुळे मी मात्र व्हिसाच्या लायनीतच.

तसे परदेशी त्याआधीही यायचेच. 1995 ला रग्बीत उघडपणे पैसे द्यायला परवानगी मिळाली आणि सॅरासेन्सने लगेच ऑस्ट्रेलियाचा लायना, फ्रान्सचा सेला आणि साउथ आफ्रिकेचा वर्ल्ड कप जिंकलेला कॅप्टन पिनार उचलले, 1998 ला वॉस्प्स क्लबला 48-18 ने हरवून इंग्लंडचा कप नेला. पण ती सगळी नावं म्हणजे मोठे स्टार. कोल्पॅकनंतर साधा, मेहनती, घराचे हप्ते भरणारा प्लेअर यायला लागला, आणि मला खरं कौतुक त्याचंच आहे.

फुकट काही नसतं म्हणा. न्यूझीलंड बाहेर खेळणाऱ्याला ऑल ब्लॅक्समध्ये, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय टीममध्ये, घेतच नाही, त्यामुळे ब्रिस्टलला आलेल्या चार्ल्स पिउटाउची ती जर्सी गेली ती गेलीच, नंतर टोंगाकडून खेळला. साउथ आफ्रिकेने मात्र फाफला सेलमधूनच बोलावून घेतलं.

ब्रेक्झिट झालं, ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं आणि 2020 संपताना कोल्पॅकचा आधारच गेला. 2022 ला फाफही गेला, जपानला. क्लब कुठला तर योकोहामाचा. इंग्लंडला रडवलं त्याच गावात.