विंडोज ७ वर चालणारी एक्झी आणि व्हर्जनची जुळवाजुळव, माझा अनुभव

महापे एमआयडीसीतल्या एका युनिटसाठी वजनकाट्याची एन्ट्री घेणारं छोटं सॉफ्टवेअर पायथन या प्रोग्रामिंग भाषेत करून दिलंय, काट्यावरून सिरियल पोर्टने वजन येतं, पांडाज हे पायथनचं डेटा हाताळणारं पॅकेज त्याचा एक्सेल रिपोर्ट काढतं, आणि शॉपफ्लोअरच्या पीसीला नेटच नाही म्हणून पायइन्स्टॉलर या टूलने एक्झी (डबल क्लिकने चालणारा प्रोग्राम) करून पेनड्राइव्हवर देतो. विंडोज १० वर मस्त चालू होतं. मग शेठ म्हणाले रबाळ्याच्या युनिटलाही बसवून द्या, आणि तिथला पीसी निघाला विंडोज ७ चा. डबल क्लिक केलं की ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ’ अशा नावाची डीएलएल (प्रोग्रामला लागणारी विंडोजची फाइल) सापडत नाही असा बॉक्स. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, नेटवरनं ती डीएलएल आणून टाकू का?" म्हटलं, "नको दादा, अजिबात नको."

कारण एक्झीच्या पोटात पायथन स्वतःच असतो, आणि पायथनने ३.९ पासून विंडोज ७ चा सपोर्ट काढलाय. म्हणजे व्हर्जन ठरवायची सुरुवात त्या पीसीपासून करायची, आपल्या लॅपटॉपपासून नाही. ३.८ चा विंडोज इन्स्टॉलर ३.८.१० पर्यंतच मिळतो, तो घेतला, नवीन कोरं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे या कामापुरता पायथनचा वेगळा कप्पा, केलं. त्यात पिप, म्हणजे पॅकेजेस बसवणारं टूल, स्वतःच बघतं की या पायथनला काय चालतं, पांडाज २.०.३ आणि पांडाजला लागणारं गणिताचं पॅकेज नमपाय १.२४.४ वर येऊन थांबलं. कोऱ्या एन्व्हायर्नमेंटचा अजून एक फायदा, रोजच्या पायथनमधून बिल्ड केलं की पांडाजच्या मागोमाग आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब वगैरे गरज नसताना आत शिरतं आणि साइज फुगते.

सगळं चाललं की लगेच पिप फ्रीझ, म्हणजे बसलेल्या सगळ्या पॅकेजेसच्या व्हर्जन नंबरांची यादी. फक्त पांडाजचा नंबर लिहून भागत नाही हे मी सगळ्यांना सांगत असतो, जुनं पांडाज १.५.३ पक्कं केलं आणि नमपाय मोकळं ठेवलं तर २०२४ नंतर नवीन पायथनवर नमपाय २ येऊन बसतं आणि ‘नमपाय डीटाइप साइज चेंज्ड’ म्हणून इम्पोर्टलाच आपटतं. पायइन्स्टॉलर आणि त्याचं हुक्सचं पॅकेज, हे दोन्हीही त्याच यादीत पाहिजेत, कारण एक्झीत काय जाणार ते तेच ठरवतात. व्हील फाइल्सही (पॅकेजेसच्या इन्स्टॉल करायच्या फाइल्स) पिप डाउनलोडने एका फोल्डरमध्ये ठेवल्यात.

रबाळ्याच्या पीसीवर सर्व्हिस पॅक १ होता पण ३.८ ला लागणारा एक जुना विंडोज अपडेट नव्हता, तो पेनड्राइव्हवरून टाकला आणि विंडो उघडली. वनफाइलऐवजी, म्हणजे सगळं एकाच एक्झीत कोंबण्याऐवजी, फोल्डरवालं बिल्ड दिलं, वनफाइल दरवेळी टेम्पमध्ये सगळं उलगडतं, जुन्या हार्डडिस्कवर फार वेळ खातं.

आता अबाउट विंडोत पायथन, पांडाज, नमपाय तिन्हींचे नंबर दाखवतो, दादा व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो टाकतात आणि कुठलं बिल्ड आहे ते मला ऐरोलीत घरबसल्या कळतं.