ताटातलं नाव आणि रेकॉर्डातलं नाव

गेल्या रविवारी दुपारी आमच्या आळीतली नवी सून घरी आली. लग्नाला अजून महिना झालेला नाही. नवरा फौजेत आहे, परवाच पुण्याहून झेलम एक्सप्रेस धरून जम्मूला गेला. तिच्या हातात कॅरीबॅग होती आणि तीत लग्नाचे फोटो, दोघांची आधार कार्डं, ग्रामपंचायतीतून आणलेला कोरा फॉर्म.

"वहिनी, यांनी लग्नाचा दाखला काढून पाठवायला सांगितलाय. युनिटमध्ये द्यायचा आहे म्हणे. त्यात माझं नाव कुठलं घालू?"

मी गॅस बंद केला आणि तिला पाट दिला. या एका प्रश्नापायी माझी तीन वर्षं गेलीत.

आमच्याकडे, सातारा भागात, लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो आणि सगळे टाळ्या वाजवतात. मी माहेरची सारिका. 2013 च्या मे महिन्यात यांनी तांदळात 'अश्विनी' लिहिलं. मला ते नाव आवडलंही होतं. अठरा दिवसांनी यांची सुट्टी संपली. पलटणीत गेल्यावर क्लार्कनं विचारलं, बायकोचं नाव काय? यांनी तांदळात लिहिलेलं नाव सांगितलं. त्यात यांचं काय चुकलं? नव्या नवऱ्याला तेच नाव तोंडात बसवायचं असतं.

फौजेत जवानाच्या आयुष्यात जे काही घडतं, लग्न, मूल, घटस्फोट, मृत्यू, त्याची नोंद पार्ट टू ऑर्डर काढून होते. ती ऑर्डर निघाली की आपण फौजेच्या लेखी त्याची बायको. त्या नोंदीवर आपलं कार्ड निघतं, क्वार्टर मिळतं, मिलिटरी हॉस्पिटलात इलाज होतो. माझी ऑर्डर निघाली 'अश्विनी'च्या नावानं. आधार, दहावीचं सर्टिफिकेट, बीएची मार्कशीट, बँकेचं पासबुक, सगळं मात्र सारिका.

पहिली तीन वर्षं काही अडलं नाही, कारण मी गावीच होते. मग यांची पलटण अंबाल्याला आली, नंबर लागून क्वार्टर मिळालं आणि मी दोन काळ्या पेट्या घेऊन तिकडे गेले. शेजारी गढवाली, वर तमिळ, समोर हरियाणाचे. तिथले दिवस माझ्या संसारातले सगळ्यांत सुखाचे. संध्याकाळी साडेसहाला सायकलची घंटी वाजायची आणि हे दारात. बाकीच्या बायकांना रोज मिळतं ते मला पावणेदोन वर्षं मिळालं.

सातव्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा नावनोंदणीच्या खिडकीवरच्या माणसानं कार्ड पाहिलं, आधार पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. "ये दोनों आप ही हैं?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, कैसे मानूँ? माझ्यामागे पंधरा-वीस बायका उभ्या होत्या. पाय सुजलेले. माझ्याकडे मी मीच आहे हे दाखवायला दुसरं काही नव्हतं. शेजारची गढवाली दीदी बरोबर होती, ती आत जाऊन कुणाशी तरी बोलली आणि त्या दिवसाचं काम झालं. इलाजात कुणी कमी केलं नाही, डॉक्टर मॅडम तर फार मायेनं वागल्या. पण त्या खिडकीपुढची ती पाच मिनिटं मी अजून विसरलेले नाही.

मुलाच्या जन्मदाखल्यावर आधारप्रमाणे आईचं नाव सारिका लागलं. झालं. मुलाची पार्ट टू ऑर्डर अडकली, कारण रेकॉर्डात यांची बायको अश्विनी. मुलाची नोंद नाही म्हणून त्याचं कार्ड नाही, पुढे शाळेच्या फीचा भत्ताही नाही. दर वेळी हे म्हणायचे, सुट्टीत आलो की करू. जवानाला वर्षाला 60 दिवसांची मोठी सुट्टी. त्यात पेरणी, घराचं छप्पर, भावकीतली लग्नं, मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, डोळ्याचं ऑपरेशन, आणि मुलाला बाबांची ओळख होईपर्यंत निघायचा दिवस येतो. अशा सुट्टीत त्यांना कचेरीच्या रांगेत उभं करणं माझ्या जिवावर यायचं.

मग 2019 चा फेब्रुवारी आला. पुलवामा झालं. हे तेव्हा फील्डला, म्हणजे बायका-मुलांना नेता येत नाही अशा ठिकाणी, होते (कुठे ते लिहीत नाही, फोनवरसुद्धा विचारायचं नाही ही सवय लागलीय) आणि मी साताऱ्यात खोली घेऊन राहत होते. दोन दिवस फोन नव्हता. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, टीव्हीची पिन काढून ठेवली होती. त्या रात्री मुलगा झोपल्यावर मी फाईल उघडली. ग्रुप इन्शुरन्स, पेन्शनचे कागद, वारस म्हणून सगळीकडे अश्विनी. आणि मी अश्विनी आहे याचा पुरावा काय, तर एका दुपारी ताटात लिहिलेली आणि संध्याकाळी पुसून डब्यात भरलेली तीन अक्षरं. मनात जे आलं ते आत्यांना सांगितलं नाही. कुठल्याच फौजीच्या घरात ते उघड बोलत नाहीत. पण सकाळी उठून मी पोवई नाक्यावर जाऊन सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढल्या.

आता प्रश्न होता, कुठलं नाव ठेवायचं? नोंदीप्रमाणे सगळे कागद अश्विनी करायचे, की नोंद सारिका करून घ्यायची? शाळेपासूनचे कागद बदलणं अवघड, हे खरं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. तेव्हा मी एका अकाउंटंटकडे नोकरी धरली होती, तिथे सगळे मला सारिकामॅडम म्हणायचे, आणि ते ऐकताना बरं वाटायचं. आत्यांना काय वाटेल, यांना काय वाटेल, म्हणून दोन आठवडे विषय काढला नाही. शेवटी फोन लागला तेव्हा सांगितलं. लाईन तुटत होती. हे म्हणाले, "मागून हाक आली की ज्या नावाला तू वळतेस ते ठेव." मग आवाज गेला. मी खोलीत एकटीच फोन कानाला धरून उभी होते.

पुढचं सगळं मी केलं. प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव, ग्रामसेवकांकडून लग्नाचा दाखला नव्यानं. दोनदा कागद परत आले, एकदा तर इंग्रजीत एक अक्षर जास्त पडलं म्हणून. स्पीड पोस्टाच्या पाकिटावर यांचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी 'मार्फत 56 एपीओ', म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. त्या पत्त्यात गाव नसतं, जिल्हा नसतो. इतकी वर्षं लिहितेय, तरी ते पाकीट खिडकीतून आत सरकवताना हात जरा थबकतो. 2021 च्या पावसाळ्यात दुरुस्तीची ऑर्डर निघाली, त्यानंतर दीड महिन्यानं मुलाची. यांनी फोटो पाठवला. वाईफ, सारिका. मी तो मोठा करकरून पाहिला.

हे सगळं त्या पोरीला सांगितलं. म्हटलं, नवं नाव घरात लाडानं घेऊ देत, तुलाही आवडत असेल तर छानच. पण फॉर्मवर आधारला आहे तेच लिही, वेलांटी-उकारासकट, आणि आज रात्री फोन आला की नवऱ्यानं क्लार्ककडे काय सांगितलंय ते आधी विचार. इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर वाचून दाखवायला लाव. मुलाचा दाखला, पॅन, बँक, सगळीकडे तेच. तिनं फोनमध्ये लिहून घेतलं.

आत्या सोप्यात शेंगा फोडत होत्या. ती गेल्यावर म्हणाल्या, "माझं काय लिवलंय गं मामांच्या बुकात?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी सुचला नाही याची लाज वाटली. मामा मराठा लाईट इन्फंट्रीतून 1988 ला रिटायर झाले. त्यांनी माळ्यावरची पेटी काढली. पेटीवर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आहे, आता त्याची टवकं उडालीत. आत फडक्यात बांधलेलं, रिटायर होताना मिळालेलं डिस्चार्ज बुक. मी पानं उलटली. पत्नीच्या नावापुढे निळ्या शाईत लिहिलं होतं, हौसाबाई.

आत्या कमल आहेत. आधारवर कमल, रेशनकार्डावर कमल, सगळ्या गावाला कमलआक्का. मामा म्हणाले, भरतीनंतर घाईत लग्न झालं, मी माहेरचं नाव सांगितलं असेल. मामा 74 वर्षांचे आहेत. पेन्शनच्या कागदावरही तेच नाव असणार, आणि ते आताच नीट करायला हवं, हे मी आणि मामा दोघांनाही कळलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

आत्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, कुठंशी हाय? मी बोट ठेवलं. त्यांनी आपलं बोट माझ्या बोटाशेजारी आणलं आणि त्या अक्षरांवरून हळूच फिरवलं. "आई हौसे म्हणायची," त्या म्हणाल्या. "ती गेल्यापास्नं कुणी म्हनलं न्हाई." थोड्या वेळानं विचारलं, "आता हे खोडणार व्हय?"

"खोडत नाहीत आत्या. हौसाबाई आणि कमल एकच, असं लिहून देतात."

सोमवारी दहाच्या एसटीनं आम्ही तिघं सैनिक कल्याण कार्यालयात जाणार होतो. रात्री झोपायच्या आधी आत्यांनी बुक पुन्हा त्याच फडक्यात बांधलं, पण पेटीत ठेवलं नाही, उशाशी घेतलं.