लेकीच्या पहिल्या कम्युनियनचा अभ्यास आमच्या घरात झाला

मोठ्या मुलाचं पहिलं कम्युनियन झालं, म्हणजे येशूचं शरीर मानली जाणारी पवित्र भाकर त्यानं कॅथलिक चर्चमध्ये पहिल्यांदा घेतली, तेव्हा आम्ही दुसऱ्या गावी राहत होतो. दर रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, तासभर धर्मशिक्षणाचा वर्ग असायचा. मी त्याला फाटकाशी सोडायचे आणि तेवढ्या वेळात बाजार उरकून यायचे. वर्षभरात त्याची सगळी प्रश्नोत्तरं पाठ झाली. संस्कार किती, आज्ञा किती, झोपेतून उठवलं तरी सांगायचा. पांढरा शर्ट शिवला, पाहुणे जेवले, फोटो निघाले. महिन्याभरानं रविवारी सकाळी त्याला उठवायला गेले तर म्हणाला, "मम्मी, आता कशाला? माझं झालं की." मला उत्तर सुचलं नाही. ते वाक्य मनातून गेलंही नाही.

लेक आठ वर्षांची होईपर्यंत आम्ही वाळूजजवळ राहायला आलो होतो. यांची एमआयडीसीत शिफ्ट, मी अंगणवाडी सेविका, घरी सासूबाई. जूनमध्ये नाव नोंदवायला गेले तर पहिली अडचण दाखल्याची. बाप्तिस्म्याची नोंद ज्या धर्मग्रामात, म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा झाला तिथल्याच रजिस्टरात असते, आणि लेकीचा बाप्तिस्मा सासरच्या गावी झालेला. त्यात बाप्तिस्म्याचं नाव वेगळं, शाळेतलं वेगळं. फादर म्हणाले, हरकत नाही, अर्जावर दोन्ही लिहा. पण दाखला हवाच. त्यासाठी दोन खेपा झाल्या. तुमच्या घरी कुणाचं कम्युनियन असेल तर हे काम आधी उरका.

दाखला दिला तेव्हा फादरांनी सांगितलं, यंदा दर रविवारचा वर्ग नाही. महिन्यातून एकदा, तिसऱ्या रविवारी, अख्ख्या कुटुंबानं यायचं. बाकीचे पाठ घरी, आईवडिलांनी घ्यायचे. मी तिथंच म्हणाले, "फादर, आम्हाला काय येतं? आणि यांची शिफ्ट?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, आठवड्यात 168 तास. त्यातला एक माझ्याकडे असतो. बाकीच्या तासांत लेकरू कुणाकडे बघून शिकतं?" मग विचारलं, बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्हाला काय विचारलं होतं ते आठवतं का? मला त्या दिवशीची साडी आठवत होती, लेकीचं रडणं आठवत होतं. हिला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी तुम्ही घेत आहात, हे समजून घेतलंय ना, असा प्रश्न तिथं आईवडिलांना विचारतात. आम्ही 'हो' म्हणालो होतो.

ही कल्पना त्यांची स्वतःची नाही, हेही त्यांनी सांगितलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, 1964 साली कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 मध्ये लिहिलं की घरात मिळणारं धर्मशिक्षण बाकी सगळ्या शिक्षणाच्या आधी येतं आणि त्याच्या सोबत चालतं. चर्चच्या कायद्यातही मुलांना कम्युनियनसाठी तयार करायचं कर्तव्य सांगताना आधी आईवडिलांचं नाव येतं, धर्मगुरूंचं नंतर.

पहिल्या बैठकीला अकरा कुटुंबं होतो. मुलं सिस्टरांबरोबर व्हरांड्यात, आम्ही हॉलमध्ये. फादरांनी विचारलं, मिस्सेत अर्पणानंतर काय काय होतं? कुणी बोलेना. लहानपणापासून आम्ही त्या वेळी गुडघे टेकतो, मिस्सेची सगळी उत्तरं मला पाठ आहेत. आणि अर्थ सांगायची वेळ आली तेव्हा मी खाली बघत बसले. मुलात आणि माझ्यात फरक नव्हता. घरी येताना आम्ही दोघं गाडीवर गप्प होतो.

त्या दिवशी एक आई म्हणाली, आम्ही कमी शिकलेले, आमच्यानं हे होणार नाही. तेव्हा सिस्टरांनी संत फ्रान्सिस द सेल्स यांची गोष्ट सांगितली. छावणी भागातलं आपल्या धर्मप्रांताचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च, त्यांच्याच नावाचं. नाव रोज तोंडात, पण गोष्ट मला नवीन होती. त्यांच्याकडे मार्टिन नावाचा एक माणूस होता, त्याला ऐकू येत नव्हतं. त्याला शिकवता येणार नाही, तो कम्युनियन घेऊ शकणार नाही, असंच सगळे धरून चालले होते. बिशप असलेल्या या संतानं त्याच्याबरोबर खाणाखुणांची भाषा तयार केली, त्याला स्वतः शिकवलं आणि कम्युनियन दिलं. त्यानंतर 'येत नाही' असं कुणी म्हणालं नाही.

पाठ म्हणजे दोन पानांचा कागद. एक गोष्ट, एक प्रार्थना आणि घरात करायचं एक काम. आम्ही यांच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरला. हे सुरुवातीला मोबाईल घेऊन ओट्यावर बसायचे, आत काय चाललंय ते मात्र ऐकायचे. मी एकदा गोष्ट चुकवली तर बाहेरूनच म्हणाले, "तसं नाही, आधी वादळ येतं." मग आत आले.

भाकरीचा पाठ मला कधी विसरायचा नाही. लेकीला बरोबर घेऊन घरात भाकर करा आणि पवित्र भाकरीबद्दल बोला, असं कागदावर होतं. मी परात घेतली, ज्वारीचं पीठ मळायला लागले. लेकीनं विचारलं, "मिस्सेतली भाकर ज्वारीची का नसते? आपण तर ज्वारीचीच खातो." मी थांबले. पुढच्या बैठकीत फादरांनी सांगितलं: ती भाकर निव्वळ गव्हाची आणि खमीर न घातलेली असावी असा नियम आहे. प्रभूचं शेवटचं भोजन यहुद्यांच्या वल्हांडण सणातलं, आणि त्या सणाला बिनखमिराची भाकर खायची रीत होती.

पण त्या संध्याकाळी उत्तर दिलं ते सासूबाईंनी. त्यांना वाचता येत नाही, जन्म शेतात गेला. त्या उठल्या, डब्यातले मूठभर गहू आणून लेकीच्या ओंजळीत दिले. "हे डब्यात ठिवले तर काय व्हतं?"

"पोरकिडे."

"आन् मातीत टाकले तर?"

"उगवतील."

"दाणा ऱ्हातो का मग तिथं?"

लेक विचारात पडली. म्हणाली, "नाही. तो जातो. मग कणीस येतं." थोड्या वेळानं आपणच म्हणाली, "आजी, येशू तसा गेला का?" सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मी चुलीपुढं रडले. अंगणवाडीत मी रोज लेकरांना शिकवते, पण हे मला जमलं नसतं.

आमच्यातलं एक कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलं. त्यांच्या थोरल्या मुलीला पूर्वी एका ठिकाणी हजेरी भरत नाही म्हणून दोनदा पुढच्या वर्षावर ढकललं होतं. ती बाई सांगताना अजूनही कळवळते. हंगाम पाच-सहा महिने चालतो, लेकरू रविवारच्या वर्गाला कुठून येणार? यंदा सिस्टरांनी सगळे पाठ बांधून दिले. रात्री कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या खोपटात, बॅटरीच्या उजेडात पोरगा वाचायचा आणि आई समजावायची. काही अडलं तर सिस्टरांना फोन. मार्चअखेर ते परत आले. फादर प्रत्येक मुलाशी बोलतात, तेव्हा त्यांनी याला विचारलं, कम्युनियन कशासाठी घ्यायचं? तो म्हणाला, "येशू आमच्याबरोबर फडावर येतो म्हणून."

सगळं सोपं गेलं असं मात्र नाही. दोन कुटुंबं मधूनच गळाली. एका घरात बाप दारूत आणि आई कामावर. त्या लेकराला पाठ घेणारं कुणी नव्हतं. घरावर सोपवलं की ज्याचं घर धड नाही ते लेकरू मागं पडतं, हे मी बैठकीत बोलले. सिस्टरांनी त्याला आमच्याकडे जोडून दिलं. सुट्टीच्या दिवशी तो आमच्यात बसायचा, सासूबाईंच्या शेजारी. असं शेजारघर आधीच ठरवलेलं असावं, असं माझं ठाम मत आहे.

मुलांच्या पहिल्या पापनिवेदनाच्या, म्हणजे फादरांपुढं आपल्या चुका कबूल करण्याच्या, दिवशी फादरांनी आधी आईवडिलांना बोलावलं. हे नऊ वर्षांनी त्या रांगेत उभे राहिले. लेक बघत होती.

येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पवित्र गुरुवारच्या पाठात घरातल्यांनी एकमेकांचे पाय धुवायचे होते. आमच्याकडे टँकर चार दिवसांआड. यांनी तांब्याभर पाणी घेतलं, आईच्या पायाशी बसले. भेगांमधली माती निघेना, तर अंगठ्यानं हळूहळू काढली. मग त्यांनी मोठ्याचे पाय धुतले. तो बारा वर्षांचा, आधी लाजला, पाय मागं ओढले, मग गप्प बसला. परातीतलं पाणी त्यानं कडीपत्त्याला नेऊन घातलं.

ईस्टरनंतरच्या एका रविवारी कम्युनियन झालं. फ्रॉक माझ्या बहिणीच्या मुलीचा होता, मी फक्त तो आखूड केला. कम्युनियनच्या आधी तासभर काही खायचं नसतं, पाणी चालतं. सकाळपासून मोठा मुलगा घड्याळ हातात घेऊन बहिणीच्या मागं होता. कुणी पेढा पुढं केला की तिचा हात धरायचा. निघताना ती म्हणाली, घसा सुकला. त्यानं ग्लास भरून आणला आणि तिचा फ्रॉक भिजू नये म्हणून एक हात हनुवटीखाली धरून तिला पाजलं.