तुम्ही विचारलंत म्हणून: पुलापलीकडची तीन घरं

"भव्य सिनेमांचे एवढे शौकीन तुम्ही, आणि पहिलं नाव घेता एका काळ्यापांढऱ्या जपानी सिनेमाचं? 'मुघल-ए-आझम' नाही, 'बाहुबली' नाही?" नागपूरच्या धरमपेठेतल्या चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हे ऐकत आलोय. "आधी बघा, मग बोलू," एवढं म्हणून विषय संपवायचो. आज नीट सांगतो.

अकिरा कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई', १९५४. लांबी २०७ मिनिटं.

'मुघल-ए-आझम' मला कमी प्रिय आहे असं कृपा करून समजू नका. शीशमहालापेक्षा त्यातला बाप आणि बादशाह यांच्यात फाटलेला अकबर मला मोठा वाटतो. पण कॉलेजात मीच ठासून सांगायचो की एपिक म्हणजे पसारा: घोडे, गर्दी, क्षितिज. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त मृगजळातून एक ठिपका निघतो आणि त्याचा उंटस्वार होईपर्यंत आपण बघत राहतो. ते ७० एमएमच्या पडद्यावरच कळतं, हे माझं तेव्हाचं म्हणणं. आजही ते मला खोडून काढता येत नाही.

'सेव्हन सामुराई' मात्र मी बाबांसोबत घरच्या टीव्हीवर पाहिला. भर मे महिना, कूलर सुरू, आणि मी खालची इंग्रजी वाक्यं मराठीत सांगत होतो. आमचं गाव कुही तालुक्यातलं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. बाबा त्याबद्दल घरात कधी बोलत नसत.

सिनेमात सात सामुराईंना, म्हणजे जपानी योद्ध्यांना, दरोडेखोरांपासून गाव वाचवायचं असतं. म्होरक्या सामुराई काम्बेई सांगतो, पुलापलीकडची तीन घरं सोडावी लागतील, वीस घरं वाचवायची तर. त्या तीन घरांतली माणसं भाले टाकून निघतात. काम्बेई तलवार उपसून त्यांना परत रांगेत हाकलतो.

"थांबव," बाबा म्हणाले. मग बराच वेळ काही नाही.

"तो तलवारवाला बरोबर हाये. अन् ते तिघंबी बरोबर हायेत." पुन्हा थांबले. "आमच्या सभेत एक जण म्हणाला होता, थोड्यायचं जाईन, पन लाखोयचं भलं होईन. सगळ्यायनं मान हालवली. मीबी हालवली."

हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी सिनेमा पुढे सुरू केला. पुढे ती घरं जळतात, पाणचक्की जळते, ती सोडायला नकार देणारा म्हातारा तिथेच मरतो. बाबांनी शेवटपर्यंत पाहिला. सामुराई म्हणतो की जिंकले ते शेतकरी, आपण नाही. त्यावर बाबांनी नुसती मान हलवली, नाही अशी.

तर माझ्यापुरतं एपिक हे: निर्णय माणसांपेक्षा मोठा असतो, तरी एकेक घर हिशेबातून सुटत नाही. कुरोसावा आपल्याला आधी त्या गावात मनसोक्त फिरवतो, म्हणून पुलापलीकडे कोण राहतं हे आपल्याला ठाऊक असतं. त्यासाठी २०७ मिनिटं लागतात. गर्दी भाड्याने आणता येते, ही ओळख आणता येत नाही.

तुम्ही म्हणाल, गाव बुडालं नसतं तर बाबांना हा सिनेमा एवढा भिडला असता का? मीही स्वतःला हेच विचारतो. जे एका घराच्या दुःखावर तोललं, ते सगळ्यांसाठी भव्य कसं ठरवायचं? उत्तर नाही माझ्याकडे. आणि उद्या नागपुरात 'लॉरेन्स' मोठ्या पडद्यावर लागला, तर मी पहिल्या खेळाला जाईन. त्या संध्याकाळी विचारलंत, तर कदाचित कॉलेजातल्या त्या पोराचीच बाजू घेईन.