रोजच्या आणखी सव्वाशे पोळ्या

कल्याणमधल्या एका बँकेच्या शाखेत मी गेली अकरा वर्षे गृहकर्जाचे काम पाहतो. नकार देणे हा या कामाचा नित्याचा भाग आहे आणि त्याची हळूहळू सवय होते, असे सहकारी म्हणतात. मला ती झालेली नाही. गेल्या वर्षी जूनमधल्या एका शनिवारी समोर आलेले प्रकरण तर अजून मनातून जात नाही.

दिवा इथल्या एका चाळीत साडेसहा हजार रुपये भाड्याने राहणारे ते जोडपे होते. नवरा भिवंडीच्या एका गोदामात पॅकिंगवर देखरेख करत होता आणि त्याच्या हातात दरमहा २७,००० रुपये येत होते. बायको घरातूनच पोळ्या करून विकत होती. टिटवाळ्याला बांधकाम सुरू असलेल्या एका इमारतीत त्यांनी वन बीएचके घर बघितले होते. जाहिरातपत्रकावर ‘सर्वसामान्यांना परवडणारी घरे’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि किंमत होती ३० लाख. भिशी लागल्यावर आलेले १ लाख रुपये भरून त्यांनी घर बुकही करून टाकले होते, कारण विक्री कार्यालयात त्यांना सांगण्यात आले होते की ९० टक्के कर्ज होतेच, त्याची काळजी करू नका.

ते सांगणे अगदीच खोटे नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येते. पण ही मर्यादा घराच्या किमतीवरून ठरते. प्रत्यक्षात किती कर्ज मिळणार हे घेणाऱ्याच्या उत्पन्नावर ठरते आणि हे दुसरे वाक्य विक्री कार्यालयात सहसा कोणी उच्चारत नाही. २७ लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर हप्ता साधारण २४,३०० रुपये येतो. पगार २७,०००. आम्ही निम्म्या उत्पन्नापर्यंत हप्ता धरतो, म्हणजे १३,५०० रुपये. त्यातून दुचाकीचा चालू हप्ता २,४०० रुपये वजा केला की उरतात ११,१००. तेवढ्या हप्त्यात बसते सव्वाबारा लाखांच्या आसपासचे कर्ज.

शिवाय ३० लाख हा आकडाही पुरा नव्हता. मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी २ लाख १० हजार, नोंदणी फी ३० हजार, जीएसटी १ टक्का म्हणजे आणखी ३० हजार, आणि खर्चाच्या कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले सोसायटीचे, दोन वर्षांच्या आगाऊ देखभालीचे व इतर शुल्कांचे पावणेदोन लाख. साडेचार लाखांच्या घरात जाणारी ही रक्कम कर्जात धरता येत नाही, ती पदरचीच घालावी लागते. मी हे मांडत असताना नवरा खाली मान घालून ऐकत होता. त्याने त्या कागदाची मागची बाजू तोवर पाहिलेलीच नव्हती.

तेव्हा त्या बाईंनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. कोपरे मऊ पडलेले, काही पानांवर तेलाचे पारदर्शक डाग, आणि प्रत्येक ओळीत तारीख, गिऱ्हाईकाचे नाव, पोळ्यांची संख्या आणि पैसे आले की मारलेली छोटी बरोबरची खूण. तीन वर्षांत खाडा म्हणावा असा फक्त गणपतीत गावी गेल्याचा. पहाटे चारला उठून रोज सरासरी १४० पोळ्या, महिन्याचे पंचवीस दिवस. आठ रुपयांच्या पोळीमागे पीठ, तेल आणि गॅस जाऊन चार रुपये उरतात, म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. इतका स्वच्छ हिशेब मी दुकानदारांच्या फायलींतही क्वचित पाहिला आहे. पण आयकर विवरणपत्र नाही आणि बहुतेक पैसे रोख, त्यामुळे आमच्या नियमांत या वहीचे उत्पन्न शून्य धरावे लागते. ते सांगताना मला लाज वाटली, हे मी इथे लिहून ठेवतो.

तरीही वही पूर्ण मान्य झाली असती तर काय झाले असते, हे मी त्यांच्यासमोरच मांडून पाहिले. एकूण ४१,००० रुपयांवर कर्ज जेमतेम २० लाखांपर्यंत पोहोचत होते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातले व्याज अनुदान त्यांना मिळू शकले असते, पण ते जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये आणि तेही पाच वार्षिक हप्त्यांत. सुरुवातीला पदरचे घालायच्या रकमेला त्याचा काही उपयोग नव्हता. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत त्यांनी तीनदा अर्ज भरला होता, तिन्ही वेळा अनामत रक्कम परत आली होती.

माझे मत असे झाले आहे की ‘परवडणारे’ हा शब्द आपण चुकीच्या बाजूने मोजतो. जीएसटीच्या व्याख्येत मुंबई महानगर प्रदेशात ४५ लाखांपर्यंतचे आणि ६० चौरस मीटरपर्यंत कार्पेट क्षेत्राचे, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेचे, घर परवडणारे ठरते. त्या ४५ लाखांवर ८० टक्के कर्ज काढले तर वर दिलेल्या व्याजाने आणि मुदतीने हप्ता ३२,४०० च्या आसपास जातो, म्हणजे दुसरे कोणतेही कर्ज नसताना घरात महिन्याला ६५,००० रुपये यायला हवेत आणि हाताशी ९ लाख रोख हवेत. व्याख्येत घराची किंमत आहे, क्षेत्रफळ आहे. घेणाऱ्याचा पगार कुठेच नाही.

बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि वहीचे कोरे पान उघडून मला विचारले, “साहेब, पूर्ण कर्ज बसायला मला रोज किती पोळ्या कराव्या लागतील?” मी आकडेमोड केली. २६४. त्यांनी तो आकडा लिहिला, त्यातून १४० वजा केले आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “रोजच्या आणखी सव्वाशे.” मग बराच वेळ त्या आपल्या मनगटाकडे पाहत राहिल्या.

बुकिंग रद्द झाले. त्यांच्या १ लाखातले ८० हजार तीन महिन्यांनी परत आले. मी त्यांना गिऱ्हाइकांकडून पैसे खात्यावरच घ्यायला आणि विवरणपत्र भरायला सांगितले आहे. सलग दोन वर्षांची विवरणपत्रे झाली की ते उत्पन्न धरता येईल. आता त्या दर महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास शाखेत येतात, पासबुकात नोंदी छापून घेतात आणि जाताना माझ्या टेबलापाशी थांबून टिटवाळ्याचा भाव आता काय झाला, ते विचारतात.