काळी गाडी, बोअरचं पाणी

सेकंडहँड पोर्श केमन ही दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा तिच्या काळ्या रंगात मागच्या मालकाच्या सगळ्या सकाळी जमा झालेल्या होत्या. सावलीत गाडी चकाचक. उन्हात आणली, की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे बारीक गोल ओरखडे. विकणारे गृहस्थ अगदी मनापासून म्हणाले, "अहो, रोज पुसून घेत होतो मी!" तेच तर कारण होतं.

पुण्यात कुठल्याही सोसायटीत सकाळी सहाला एक दादा बादली आणि फडकं घेऊन येतात आणि सातपर्यंत पंधरा-वीस गाड्या पुसून जातात. महिन्याकाठी आपण त्यांना जे देतो त्यात याहून वेगळं काही मागायचा आपल्याला हक्क नाही, त्यामुळे दोष त्यांचा नाही. पण त्या फडक्यात काय असतं बघा. निम्मं शहर खणलेलं, उरलेल्या निम्म्यात बांधकामं. नदीची वाळू जाऊन आता क्रश सँड आली, म्हणजे आपलाच काळा पाषाण दळून केलेली टोकदार कच. ती रात्रभर गाडीवर बसते आणि सकाळी आपण ती ओल्या फडक्यानं रंगावर गोल गोल फिरवतो.

गाडीच्या रंगाची बारकाईनं सफाई-पॉलिश करणाऱ्या एका डिटेलिंगवाल्यानं रंगाची जाडी मोजायचं गेज लावून दाखवलं तेव्हा खरं डोक्यात शिरलं. कंपनीचा रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉन. माणसाचा केस ७०च्या आसपास असतो, म्हणजे सगळी चमक केसाहून पातळ थरात. ओरखडे काढायचे म्हणजे ते बुजवायचे नसतात, त्यांच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणायचा असतो. दर पॉलिशला त्यातले थोडे मायक्रॉन कायमचे जातात. केमनचे दरवाजे आणि पुढचं झाकण ॲल्युमिनियमचं, त्यामुळे फक्त लोखंडावर चालणारं स्वस्त गेज तिथं उपयोगाचं नाही. पॉलिश करून घेण्याआधी समोरच्याचं यंत्र कुठलं आहे ते विचारून घ्या. एकदा व्यवस्थित पॉलिश करून घेतलं आणि ठरवलं, यापुढे या गाडीला हात लावायचा तो मीच.

पहिली अडचण पाण्याची. आमच्या पार्किंगच्या नळाला बोअरचं पाणी येतं. महापालिकेचं पाणी वर घरात, आणि ते गाडीवर ओतलं तर सेक्रेटरी काका पुढच्या मीटिंगला माझं नाव अजेंड्यावर घेतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. बोअरचं पाणी जड. वाळलं की काळ्या रंगावर पांढरी वर्तुळं, आणि ऑक्टोबर हिटमध्ये ती दहा मिनिटांत वाळतात. लगेच पुसली तर जातात, उन्हात भाजली गेली की क्लिअर कोटवर खूण सोडतात. मग वाटणी केली: पहिला धुवा बोअरचा, शेवटचा धुवा आरओच्या शुद्ध पाण्याचा. चार-पाच दिवस स्वयंपाकघरातून थोडं थोडं कॅनमध्ये साठवायचं. (एका शेजाऱ्यांनी आरओचं वाया जाणारं पाणी वापरा म्हणून सुचवलं. ते तर आरओत जाणाऱ्या पाण्याहूनही जड, सगळे क्षार त्यातच उतरतात. लादी पुसायला ठीक.)

हे पाणी मारायला मी मार्केट यार्डाजवळच्या एका दुकानातून बॅटरीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप आणला. दुकानदारानं विचारलं, "द्राक्षं का डाळिंब?" मी म्हटलं, गाडी. त्यानं मालाकडे आणि माझ्याकडे एकेकदा पाहिलं आणि गुपचूप बिल केलं. पंप मात्र कोराच घ्या. औषध मारलेला, कितीही विसळला तरी, नको. बादल्या आणि ब्रश बोहरी आळीत मिळाले. बादल्या तीन: एक शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची, एक चाकांची. पहिल्या दोन्हीत तळाशी जाळी, म्हणजे हातमोज्यातून सुटलेली माती खाली बसते आणि पुन्हा वर येत नाही. चाकांच्या बादलीवर मार्करनं भलंमोठं 'चाक' लिहून ठेवलंय, कारण घरात कुणीही कुठलीही बादली उचलतं.

दसऱ्याच्या आधीची धुलाई नीट सांगतो, कारण पावसाळाभराचा चिखल तेव्हाच निघतो.

आदल्या दिवशी ताम्हिणीत जाऊन आलो होतो, म्हणून त्या संध्याकाळी धुतलीच नाही. घाट उतरून आलेल्या ब्रेकच्या डिस्क चांगल्याच तापलेल्या असतात; त्यावर गार पाणी मारलं तर डिस्क वाकायची भीती, आणि चाकाचं केमिकल गरम रिमवर वाळून डाग धरतं. सकाळी साडेसहाला गाडी उताराच्या कडेला सावलीत लावली आणि चारही रिमना हात लावून पाहिला. गार.

पाण्याआधी व्हॅक्युम क्लीनर. यावर बघणाऱ्यांना हसू येतं, पण केमनचं इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढे दोन्ही कोपऱ्यांत, बंपरच्या जाळ्यांच्या आत. त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. आमच्या गल्लीत दुतर्फा गुलमोहर. त्याची ती तिळाएवढाली पानं जाळीतून सरळ आत जातात, ओली होऊन तळाशी कुजतात आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या खात बसतात. पाणी मारलं की त्यांचा लगदा होतो, म्हणून कोरडी असतानाच बारीक नळीनं ओढून घ्यायची. त्या सकाळी दोन्ही बाजूंनी मिळून ओंजळभर निघाली, वर एक चॉकलेटचा कागद. प्रेशर वॉशर त्या जाळीत जवळून कधीच नाही, पट्ट्या मुडपतात.

मग चाकं. सगळ्यात घाण तिथे, म्हणून सुरुवात तिथून. आधी अंग धुवून मग चाकं घासली तर काळे शिंतोडे पुन्हा अंगावर. रिमवरची तपकिरी भुकटी ही साधी धूळ नाही. डिस्क आणि पॅड घासून निघालेले लोखंडाचे कण, गरम असतानाच रिमला चिकटतात आणि तिथेच गंजतात. शाम्पूनं ते हलत नाहीत. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मारायचं, लोखंडाला भिडलं की ते जांभळं होतं. वास असा, की सडकी अंडी परवडली. वॉचमन धावत आले, "साहेब, चाकातनं रंग निघाला!" दोन-तीन मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही, मऊ ब्रशनं हलकेच फिरवायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. रिमच्या आतल्या पिंपाला लांब दांड्याचा लोकरी ब्रश. बोल्टच्या खळग्यांना साधा रंगकामाचा मऊ ब्रश; पण त्याच्या दांड्यावरच्या पत्र्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून घ्या, नाहीतर एवढं सगळं करून रिमवर ओरखडा त्या पत्र्याचाच येणार.

वॉशिंग सेंटरला पाच मिनिटांत चाकं चांदीसारखी करून देतात ना, ती बहुतेकदा ॲसिडची किमया असते. रिमच्या क्लिअर कोटला ते मानवत नाही आणि एकदा कोट उडाला की उघडं ॲल्युमिनियम पांढरट फुलून येतं. मला एका ठिकाणी "इम्पोर्टेड आहे" असं सांगून बिनलेबलचा कॅन दाखवला होता. गाडी तिथून तशीच बाहेर काढली.

अंगाला हात लावण्याआधी होईल तेवढी घाण नुसत्या पाण्यानं आणि फेसानं काढायची, सगळा खेळ इथेच आहे. घरगुती प्रेशर वॉशर पुरतो, मात्र पंख्यासारखी धार पडणारं नोझल हवं आणि अंतर हातभर तरी. एका टिंबात मारणारी धार रंगाचा पोपडा उचलू शकते, पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, लावलं असेल तर त्याची कड तर नक्कीच. केमनच्या दरवाजांना काचेभोवती चौकट नाही. काचेच्या कडेवर सरळ धार मारली की पाणी सीटवर. दरवाजामागच्या कानांसारख्या खाचांतून इंजिनाला हवा जाते, तिथेही धार नाही, वरून वाहू द्यायचं. मागचा स्पॉयलर चालताना वेगात आपोआप वर येतो, पण आत बटणही आहे. उभ्या गाडीत तो वर केला तर खाली महिन्यांची धूळ सापडते. बऱ्याच जणांना हे बटण धुण्यासाठीही आहे हे माहीतच नसतं.

न्यूट्रल पीएचच्या शाम्पूचा दाट फेस खालून वर मारला, चार-पाच मिनिटं ठेवला. फेस हळूहळू घसरतो तेव्हा त्याचा रंग बघत राहावा, पांढऱ्याचा चहासारखा होतो. ती सगळी कच, न घासता उतरलेली. वरून खाली धुतला.

आता कुठे हात लावायचा. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून आधी छत, मग काचा, मग पुढचं-मागचं झाकण, दरवाजांचा वरचा भाग. आणि दरवाजांच्या खालच्या पट्ट्या, मागचा बंपर सगळ्यात शेवटी. जोर लावायचाच नाही, मोज्याच्या वजनावर सरळ रेषेत ओढायचं. दर पॅनेलनंतर मोजा साध्या पाण्याच्या बादलीत चोळून विसळायचा, मग पुन्हा शाम्पूत. भांड्याचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको, वॅक्सचा थर धुऊन नेते. मोजा खाली पडला तर विषय संपला, दुसरा घ्यायचा. तळमजल्याचे काका मॉर्निंग वॉकहून परतताना थांबले. "एवढ्यात आमच्या तीन गाड्या धुऊन झाल्या असत्या." झाल्या असत्या, खरंय. मी म्हटलं, "काका, सावकाश चाललंय, तुम्ही बसा." पुण्यात सल्ला नाकारायचा नसतो, बसायला सांगायचं असतं.

बोअरचं पाणी एकदा सगळीकडे मारून साबण काढला आणि ते वाळायच्या आत पंप पाठीला लावून आरओचं पाणी छतापासून सोडलं. १६ लिटरमध्ये केमनसारखी लहान गाडी होते, एसयूव्हीला नाही पुरणार. मोठा दाट टॉवेल छतावर पसरायचा आणि दोन कोपरे धरून आपल्याकडे ओढायचा. पुसायचं असं काही नाही. आरसे, अक्षरं, स्पॉयलरची फट यांतलं पाणी लपून बसतं आणि गाडी हलली की ओघळतं. तिथं ब्लोअर. एका मित्राची गाडी मॅट रंगाची आहे. त्यानं हे सगळं करावं, फक्त वॅक्स आणि पॉलिशच्या वाटेला जाऊ नये, ठिपका चमकला की परत मॅट होत नाही.

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थराबद्दल, विचारणारे फार. मी करून घेतलंय आणि मला आवडतं, कारण पाणी थांबत नाही, माती सुटते. पण "आता ओरखडेच येणार नाहीत" असं जो सांगेल त्याच्याकडे करू नका. कोरडं फडकं फिरवलंत तर कोटिंगवरही जाळं येतंच.

गाडी वाळली तोवर आई हळदकुंकवाचं ताट घेऊन खाली. दरवर्षी पुढच्या झाकणावर स्वस्तिक निघतं, आणि ते दोन दिवसांनी कुणीतरी कोरड्या फडक्यानं पुसतं. म्हटलं, आई, रंगावर नको, डाग धरतं.

"मग कुठं लावू? तुमच्या गाडीला पुढं इंजिन पण नाही."

काचेवर लावलं. काचेला हळद धरत नाही, ओल्या कापडानं निघते. झेंडूचा हार झाकणावर न टाकता वायपरला नुसता अडकवला, कारण त्यातली तार वाऱ्यानं घासत राहते. नारळ चाकाजवळ न फोडता पायरीवर फोडला. आईला पटलं असं नाही, चाललं.

पूजा झाल्यावर गाडी लगेच झाकायची नाही. ओल्या डिस्क तासाभरात गंजाचा पिवळा थर धरतात आणि हँडब्रेक लावून ठेवला तर ब्रेक चिकटतो. म्हणून गल्लीतून मुख्य रस्त्यापर्यंत एक फेरी, हलके हलके ब्रेक मारत. डिस्क गरम झाल्या, पाणी उडालं, मग पार्किंग.

राहिले टॉवेल. ते घरातल्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये नाही जात. सुती कपड्यांचे तंतू अडकतात, आणि कम्फर्टसारखं काही घातलं तर पाणी शोषायचंच बंद होतं. वेगळे, गार पाण्यात, थोड्या लिक्विडमध्ये, सावलीत वाळत. पहिलं वर्ष रंगासाठी, मग दरवाजांच्या आतल्या कडांना, मग चाकांना. तिथून उतरलेले टॉवेल बायकोच्या ॲक्टिवाला, आणि त्यावरून आमच्याकडे दर महिन्याला बोलणी होतात.